मुकीचा काढा

हत्तीला औषध द्यायचं तर आधी माहुतानं स्वतः चाखायचं, असा पीलखान्यातला नेम होता. चाखायचं तेही हत्तीच्या डोळ्यांदेखत. चाखल्याचं नुसतं सोंग केलं तर हत्तीला कळतं. तो सोंड आवळून घेतो आणि मग चार माणसं लोंबकळली तरी तोंड उघडत नाही. केरबानं हा नेम सव्वीस वर्षं पाळला. पुढं संस्थान विलीन झालं, हत्ती कुठं कुठं गेले, पीलखान्यात कुणाची तरी पोती येऊन पडली, आणि केरबाच्या हाती उंदीर आले. पांढरे, लाल डोळ्यांचे, मुंबईहून खोक्यांतून आलेले. हाताला मात्र नेम चिकटून राहिला. हाताला कोण सांगणार, की बाबा रे, जनावर आता लहान झालंय?

कोल्हापूरच्या शाहूपुरीत गणपतरावांची गुळाची वखार होती. वखारीच्या मागच्या अंगाच्या दोन खोल्या रिकाम्या करून त्यांनी तिथं औषधाची प्रयोगशाळा काढली होती. बाहेरच्या खोलीत टेबल, काचेच्या नळ्या, स्पिरिटचा दिवा आणि त्र्यंबकराव. हे मुंबईला शिकून आलेले. बोलताना समोरच्याच्या डोक्याच्या वरून बघायचे. आतल्या खोलीत चोवीस पिंजरे आणि केरबा. दोन्ही खोल्यांत ये-जा करायची ती कालिंदी. मास्तराची मुलगी, नुकती बी.एस्सी. झालेली. मापं घ्यायची आणि वहीत लिहायची. दिवसभर गुळाचा वास भिंतीतून आत झिरपायचा आणि उंदरांच्या मुताच्या वासात मिसळायचा. त्या वासाची केरबाला सवय झाली होती. पुढं जे झालं त्याची मात्र त्याला कधी सवय झाली नाही.

औषध कसलं, तर वेलीचं. राधानगरीच्या पुढं रानात एक वेल येते. बारीक पानांची, खडकाला धरून वाढणारी. धनगर तिला मुकी म्हणतात. का म्हणतात ते विचारलं तर ते दुसरीकडं बघतात. पीलखान्यात हत्तीचा पाय सुजला की मुकीचा पाला वाटून बांधायचे. तीन दिवसांत सूज उतरायची. ही वेल त्र्यंबकरावांना दाखवली कुणी? केरबानंच. आणि का दाखवली, तर बनाबाईसाठी.

बनाबाई केरबाची बायको. दोन वर्षांपूर्वी तिचे सांधे धरले. आधी बोटांची पेरं, मग मनगटं, मग गुडघे. तिच्या हातची भाकरी खायला माहूत वळणावळणानं घरी यायचे, आणि आता तिला पिठात हात घालवत नव्हता. लुगड्याची गाठसुद्धा शेजारची धोंडुबाई येऊन मारायची. सकाळी उठताना एक "आई गं", बसताना एक, वळताना एक. पाला वाटून बांधला की घडीभर बरं वाटायचं, पण अंगभर किती ठिकाणी बांधणार?

"सायेब," केरबा पहिल्याच दिवशी हात जोडून म्हणाला होता, "ह्या येलीचं कायतरी औषध करा. आणि झालं की पयलं माझ्या मंडळीला द्या."

"करू," त्र्यंबकराव म्हणाले. "काढा करू. बाटलीत भरू. लेप वाटत बसायला लोकांना वेळ कुठं आहे?"

"पोटात द्यायचा?" केरबा चपापला. "सायेब, मुकी पोटात देत न्हाईत. पीलखान्याचा आमचा म्हातारा दारोगा सांगायचा, वरनं लावा, पोटात न्हाय."

"का देत नाहीत?"

"का ते न्हाय सांगितलं. देत न्हाईत, एवढंच."

त्र्यंबकराव हसले. "ज्याला कारण नाही त्याला शास्त्रात जागा नाही, केरबा."

शिकलेल्या माणसाची ही एक रीत. अडाण्याला 'का' सांगता आलं नाही की त्याच्या सात पिढ्यांचं बघितलेलं, भोगलेलं सगळं फुकट. पण केरबालाही दोष द्यायलाच हवा. तो गप्प बसला. साहेब मुंबईला शिकलेत, त्यांना जास्त कळणार, असं स्वतःला सांगून गप्प बसला. बनाबाईचे हात त्याच्या डोळ्यांपुढं होते.

कामाची तऱ्हा सोपी होती. पिंजऱ्यांच्या दोन रांगा. डावीकडं बारा, उजवीकडं बारा. चोवीस उंदरांच्या मागच्या एकेका पायात फॉर्मॅलिनची सुई टोचायची. पाय फुगायचा, लाल व्हायचा, टरारायचा. मग डाव्या रांगेला रोज मुकीचा काढा पाजायचा आणि उजव्या रांगेला साधं पाणी. कालिंदी पायाभोवती दोरा गुंडाळायची, तो पट्टीवर धरायची आणि आकडा लिहायची. डावीकडचे पाय उतरतात का आणि उजवीकडचे उतरत नाहीत का, एवढंच बघायचं.

पाजायचं काम केरबाचं. पहिल्या सकाळी त्यानं उंदीर हातात धरला, ड्रॉपर त्याच्या तोंडाशी नेला, आणि हात अडला. उंदीर त्याच्याकडं बघत होता. केरबानं इकडं तिकडं बघितलं, काढ्याचा एक चमचा स्वतःच्या तोंडात ओतला, कडू तोंड केलं, आणि मग ड्रॉपर पुढं केला. उंदरानं मुकाट तोंड उघडलं. त्या दिवसापासून रोज सकाळी एक चमचा केरबाचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटलंही नाही.

पंधरा दिवसांत डावी रांग चालायला लागली. पाय उतरले, उंदीर पिंजऱ्याच्या जाळीवर चढायला लागले. उजवी रांग चिरकत होती. हात लावला की चिरकायची, नाही लावला तरी चिरकायची. कालिंदीनं वही पुढं केली, त्र्यंबकरावांनी आकडे बघून टेबलावर थाप मारली आणि गणपतरावांना बोलावणं धाडलं. केरबाचा स्वतःचा डावा गुडघा हत्तीच्या पायाखाली चेंगरल्यापासून थंडीत सुजायचा. तो यंदा सुजला नव्हता.

"आता दुसरा भाग," त्र्यंबकरावांनी सांगितलं. "औषध गुणकारी आहे, हे झालं. आता ते निर्धोक आहे का ते बघायचं. दोन महिने रोज पाजायचं, तिप्पट. डावीकडं काढा, उजवीकडं पाणी, तसंच. किती मरतात ते लिहायचं."

"मापं घ्यायची न्हाईत?" केरबानं विचारलं.

"मापं झाली."

मापं झाली. हे दोन शब्द केरबाच्या डोक्यात बसले आणि तिथंच घात झाला. रोज सकाळी तो डाव्या रांगेला पाजायचा आणि उजव्या रांगेपुढं पाण्याची बाटली घेऊन उभा राहायचा. त्या रांगेचे सांधे आखडले होते. उंदीर फरपटत पिंजऱ्याच्या दाराशी यायचे, ड्रॉपरकडं तोंड करायचे. औषध समोर बाटलीत, आणि ह्यांना पाणी. पीलखान्यात एका हत्तीला ऊस टाकून शेजारच्याला कडबा टाकला असता तर दारोग्यानं चाबकानं फोडून काढला असता. एका पंगतीत एकाला तूप वाढायचं आणि दुसऱ्याला कोरडा भात, हे पाप माणूस लहानपणापासून शिकतो. पंक्तीप्रपंच म्हणतात त्याला. केरबाला शास्त्र ठाऊक नव्हतं, पंक्तीप्रपंच ठाऊक होता.

पाच दिवस त्यानं कळ काढली. सहाव्या दिवशी उजवीकडच्या तिसऱ्या पिंजऱ्यातला उंदीर त्याच्या तळहातावर पडून एवढंसं तोंड उघडून चिरकला, तेव्हा केरबा पुटपुटला, "मापं झालीत की आता. कुणाचं काय जातंय?" आणि त्यानं काढ्याची बाटली उचलली.

त्या दिवसापासून उजव्या रांगेलाही काढा. वहीत मात्र पाणी.

आठवड्यात खोली शांत झाली. केरबाला आधी बरं वाटलं. मग एक दिवस त्याच्या ध्यानात आलं, की ही शांतता बरी नव्हे. उंदीर झोपलेले असले तरी खुडबुड असते, दात घासणं असतं, भांडण असतं. इथं काही नव्हतं. दार लोटून आत गेलं की चोवीस पिंजऱ्यांतून चोवीस जोड लाल डोळे त्याच्याकडं वळायचे आणि तिथंच राहायचे. तो खोलीभर फिरला की डोळे फिरायचे. खायला टाकलं तरी घाई नाही. एकाची शेपटी दारात सापडली, चेपली, तरी उंदीर ओरडला नाही. मागं वळून शेपटीकडं बघितलं, दुसऱ्या कुणाची असल्यासारखं.

"केरबामामा," कालिंदीनं एकदा दारात उभं राहून विचारलं, "उजवीकडचे ओरडत का नाहीत हो आता?"

"बरं झालं असंल त्यास्नी."

"पाण्यानं?"

केरबा पिंजरा पुसत राहिला.

पाचव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, तो आत गेला तर कुठून तरी बारीक आवाज येत होता. कुर्र, कुर्र. लाकूड कुरतडल्यासारखा. डावीकडच्या चौथ्या पिंजऱ्यात उंदीर मागचे पाय पुढं घेऊन बसला होता, जेवायला बसल्यासारखा, निवांत. पुढच्या दोन पायांत त्यानं काहीतरी धरलं होतं आणि खात होता. केरबा वाकला. उंदीर स्वतःचा पाय खात होता. बोटं संपली होती. केरबा ओरडला तसा त्यानं मान वर केली, बघितलं, तोंडाला लागलेलं चाटलं आणि पुन्हा खायला लागला.

शुक्रवारपर्यंत डावीकडं सात आणि उजवीकडं पाच उंदीर खायला बसले होते. मेला एकही नव्हता.

त्र्यंबकराव नाकाला रुमाल लावून आत आले. दोन्ही रांगांपुढून फिरले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी भीती होती, उजवी रांग बघितल्यावर ती गेली.

"दोन्हीकडं आहे," ते म्हणाले. "पाण्याच्या रांगेतही आहे. म्हणजे काढ्याचा संबंध नाही. चारा बदला. पिंजरे धुवा. लिही कालिंदी, दोन्ही गटांत सारखंच आढळलं, सबब औषधाचा दोष नाही. मृत्यू शून्य."

केरबा कोपऱ्यात उभा होता. त्याला सगळं एकदम कळलं. आपण वाटून दिलं म्हणून दोष लपला. उजवी रांग चिरकत राहिली असती, पाय ओढत राहिली असती, पण आपले पाय खाल्ले नसते. आणि मग डाव्या रांगेकडं बघून आंधळ्यालाही कळलं असतं. त्यानं दया केली आणि त्या दयेनं विषाला निर्दोष ठरवलं.

"आता दोन महिने पुरे व्हायची वाट बघायला नको, सोमवारी माणसावर सुरू करू," त्र्यंबकराव जाता जाता म्हणाले. "तुझी बायको पहिली. तूच म्हणाला होतास ना?"

बनाबाईच का, ते सांगायला नको. वखारीच्या मालकाची बहीणही सांधे धरून बसली होती. तिचं नाव कुणी काढलं नाही. पहिला घोट घ्यायला उंदरं राखणाऱ्याची बायको बरी. कमीजास्त झालं तर विचारायला कोण येतंय?

शनिवारी सकाळी केरबा जागा झाला तेव्हा तोंडात खारट चव होती. त्यानं चूळ भरली, पाणी लाल आलं. दात हलतोय का म्हणून जीभ फिरवली. दात घट्ट होते. मग त्यानं हात बघितला. डाव्या करंगळीचं टोक नव्हतं. नखाचा अर्धा भाग आणि त्याखालचं मांस गेलं होतं, कड दातेरी होती. दुखत नव्हतं. त्यानं ते दाबून बघितलं. दुखत नव्हतं. दाराच्या कडीवर आपटून बघितलं. दुसऱ्या कुणाची करंगळी असल्यासारखी ती दिसत होती.

फडकं गुंडाळून तो शाहूपुरीत गेला. त्र्यंबकराव टेबलाशी होते, कालिंदी वही आखत होती. बाजूला गणपतरावांनी छापून धाडलेली लेबलं गठ्ठ्यानं पडली होती. लेबलावर हत्ती होता.

"सायेब, मी उजव्या रांगेला बी काढा पाजलाय," केरबा म्हणाला. "महिना झाला. मापं झालती म्हणून पाजला. दोष काढ्याचाच हाय."

कालिंदीची लेखणी थांबली.  त्र्यंबकराव खुर्ची मागं सारून उठले.

"गाढवा! दोन महिन्यांचं काम! अहवाल गेला माझा, कळतंय तुला?"

"कळतंय. म्हणून तर सांगाय आलोय. चूक माझी. पर सोमवारचं थांबवा."

त्र्यंबकराव खिडकीशी गेले, परत आले. आवाज खाली आणला. "हे बघ. उंदीर कुरतडतात. त्यांची जातच ती. पिंजऱ्यात कोंडलं की एकमेकांना खातात, स्वतःला खातात. माणूस काय स्वतःचे हात खातो?"

केरबानं फडकं सोडलं आणि हात टेबलावर ठेवला.

"खातो, सायेब."

कालिंदी खुर्चीतून अर्धी उठली आणि तशीच राहिली. त्र्यंबकरावांनी करंगळीकडं बघितलं. मग डोक्याच्या वरून बघितलं, नेहमीसारखं.

"दारात सापडलं असेल. आणि तुझ्या पोटात काढा गेलाच कसा?"

"देणाऱ्यानं आधी घ्यायचं असतंय. रोज घेत हुतो."

"हे कुणाजवळ बोलायचं नाही," त्र्यंबकराव म्हणाले. "आणि तुझ्या बायकोला नको असेल तर नको. कोल्हापुरात सुजलेल्या सांध्यांना तोटा नाही."

रविवारी केरबानं बनाबाईला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, करंगळीही दाखवली. ती भिंतीला टेकून, पाय पसरून बसली होती. ती करंगळीकडं वाकली.

"दुखत न्हाय?" तिनं विचारलं.

"न्हाय."

"जरा बी न्हाय?"

"बना, ते चांगलं न्हाय. स्टोव्हवर हात पडला तरी कळत न्हाय मला. कालवणात हात घातला तर—"

"माझं थांबंल का दुखायचं? व्हय का न्हाय, तेवढं सांगा."

केरबाला खोटं बोलता आलं असतं. "थांबंल," तो म्हणाला.

"मग मी जाणार."

"अगं, बोटं खाशील!"

"खाल्ली तर खाल्ली." तिनं आपले दोन्ही हात पुढं केले. पेरं लाकडाच्या गाठींसारखी वर आली होती, बोटं एका बाजूला झुकली होती. "हाईत कशाला ही? भाकरी थापायला? लुगडं नेसायला? सकाळधरनं तुम्ही 'आई गं' ऐकताय, मी सोसतीया. ऐकणाऱ्यानं सोसणाऱ्याला शिकवू नगासा."

 ह्यावर कुणाजवळ उत्तर असेल तर त्यानं बनाबाईला जाऊन सांगावं.

सोमवारी गणपतरावांनी टांगा धाडला. बनाबाईनं हिरवं लुगडं नेसलं होतं, धोंडुबाईनं गाठ मारली होती. टांग्यातून उतरताना तीनदा "आई गं" झालं. बाहेरच्या खोलीत तिला खुर्ची दिली. ती आयुष्यात खुर्चीवर बसली नव्हती, कडेला बसली. टेबलावर हत्तीच्या लेबलाची बाटली आणि काचेचा लहान पेला. गणपतराव फेटा बांधून आले होते, तोंडात विडा होता. कालिंदी वही घेऊन भिंतीशी उभी होती, तिचे डोळे सुजलेले होते. आतल्या खोलीचं दार लावलं होतं.

"काय बाई, घाबरायचं नाही," गणपतराव म्हणाले. "गोड गुळाच्या पाकात केलंय, माझ्याच वखारीतल्या. आठ दिवसांत नाचायला लागाल."

"नाचायचं न्हाय मला. भाकरी थापायची हाय," बनाबाई म्हणाली.

गणपतराव मोठ्यानं हसले. त्र्यंबकरावांनी पेला भरला आणि तिच्यापुढं धरला. तिनं वाकडा हात उचलला.

"मालक," केरबा दारातून म्हणाला, "एक मागणं हाय."

"आता काय?" त्र्यंबकराव खेकसले.

केरबानं त्यांच्याकडं बघितलं नाही. तो गणपतरावांशी बोलत होता, पण आवाज बनाबाईसाठी होता. "आमच्या पीलखान्यात देणाऱ्यानं आधी घ्यायची रीत हाय. हत्ती त्याबिगर तोंड उघडत न्हाय. बाटलीवर हत्ती छापलाय तुम्ही. मग रीत बी पाळा. सायेबांनी एक घोट घ्यावा, मग हिनं."

बनाबाईचा हात हवेत थांबला. सव्वीस वर्षं ती माहुताची बायको होती. हत्तीण आजारी पडली की केरबा कडू तोंड करून घरी यायचा, दोन दोन दिवस त्याला जेवण गोड लागायचं नाही, आणि ती त्यावरून त्याची थट्टा करायची. तिनं हात मांडीवर ठेवला.

"व्हय की," ती म्हणाली. "आधी तुम्ही घ्या, सायेब."

"घ्या हो त्र्यंबकराव!" गणपतरावांना गंमत वाटली. "एक घोट तो काय. बायामाणसांचा भरवसा बसू दे."

त्र्यंबकरावांनी पेला उचलला.  तेवढ्यात बंद दारापलीकडून तो आवाज आला. कुर्र. कुर्र, कुर्र. एका कोपऱ्यातून, मग दुसऱ्या. निवांत, घाई नसलेला, पंगत बसल्यासारखा. गणपतरावांचं विडा चघळणं थांबलं. त्यांनी दाराकडं बघितलं.

"हे काय आहे?"

"उंदीर," त्र्यंबकराव म्हणाले. "सवय असते त्यांना." त्यांनी पेला ओठांना लावला, मान थोडी मागं केली, पेला खाली ठेवला आणि रुमालानं ओठ पुसले. "झालं. घेतला."

केरबा त्यांच्या गळ्याकडं बघत होता. बनाबाईही गळ्याकडंच बघत होती. पेल्यातला काढा तेवढाच होता, काठाशी भुरकट रेघ होती तिथंच होता.

"न्हाय घेतला," बनाबाई म्हणाली.

"घेतला म्हणतोय ना मी!"

"घाटी हलली न्हाय तुमची."

त्र्यंबकराव लालबुंद झाले. त्यांनी पेला पुन्हा उचलला. काढा बोटांवर सांडला. त्यांनी घाईघाईनं, विस्तव पडल्यासारखी, ती बोटं कोटाला पुसली. पुसून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की सगळ्यांनी बघितलं.

आत कुर्र, कुर्र चाललंच होतं.

बनाबाईनं तोंड मिटून घेतलं. दात दातांवर बसल्याचं केरबाला दिसलं. पीलखान्यातली गजरा हत्तीण अशीच करायची. एकदा मिटलं की मिटलं.

"अहो, तुम्ही खरंच नाही घेतलात," गणपतराव हळूच म्हणाले. त्यांनी पिचकारी टाकायला जागा शोधली, सापडली नाही, तसेच गिळून बसले. लेबलांच्या गठ्ठ्यावर त्यांचा हात होता, तो त्यांनी काढून घेतला. त्यांना पापपुण्याची चाड होती असं नाही. गुळाच्या ढेपेत खडा सापडला की व्यापारी हात मागं घेतो, तसा घेतला. पण घेतला.

कालिंदी भिंतीपासून पुढं आली. तिनं खांद्यावरच्या कापडी पिशवीतून मापाचा दोरा काढला.

"केरबामामा, हात द्या."

केरबानं हात दिला. तिनं उरलेल्या करंगळीभोवती दोरा गुंडाळला, पट्टीवर धरला आणि वही उघडली. डाव्या रांगेच्या पानावर बारा ओळी होत्या. तिनं खाली तेरावी आखली. मग उजव्या रांगेचं पान उलटलं आणि जिथं जिथं 'पाणी' लिहिलं होतं, तिथं तिथं रेघ मारून 'काढा' लिहायला लागली. त्र्यंबकराव "कालिंदी!" म्हणून ओरडले. तिनं मान वर केली नाही. ओळी पुष्कळ होत्या.

परतीला टांगा कुणी दिला नाही. दोघं चालत निघाली. गुळाच्या गाड्या उभ्या होत्या, हमाल ढेपा उतरवत होते, बैलांच्या घंटा वाजत होत्या. बनाबाई केरबाच्या खांद्यावर भार टाकून एकेक पाऊल टाकत होती. दर पावलाला "आई गं". चौकापर्यंत यायला पाऊण तास लागला.

"घरी गेल्यावर पाला वाटतो," केरबा म्हणाला. "वरनं बांधू. समद्या सांध्यांस्नी बांधू. मी बांधतो."

"जन्मभर बांधत बसा," ती म्हणाली. मग पाच-सहा पावलांनंतर, "आई गं. तुमची नोकरी गेली न्हवं?"

"गेली."

त्यानं सदऱ्याच्या खिशात हात घातला होता आणि अंगठ्यानं करंगळीचं टोक दाबत होता. आज चमचा घेतला नव्हता, कालही नव्हता, तरी अजून काही नव्हतं. लाकूड दाबल्यासारखं. तो आणखी जोरात दाबायचा आणि वाट बघायचा. काही येत नव्हतं. शेजारून मात्र तिचा आवाज येत होता, पावलागणिक, खणखणीत, जिवंत. केरबा मान तिरकी करून ऐकत चालला होता.

बनाबाई थांबली. "काय असं कान टवकारून ऐकताय? लाज न्हाय वाटत? मी मरायला लागलीया हितं."

"काय न्हाय," केरबा म्हणाला. "तू ओरड की."